आठ ठोक्यांची जागा

दर रविवारी दुपारी दोन वाजता लॉर्न मॅकफी पत्र्याच्या डब्यातून सात बटर टार्ट, लोणी-साखरेचं सारण भरलेल्या खुसखुशीत वाट्या, घेऊन यायचा. त्याच्या बायकोनं, ऑड्रीनं, सकाळी भट्टीतून काढलेले. बँडमध्ये माणसं सात, म्हणून टार्ट सात. अडचण एवढीच होती की बँडमध्ये आता माणसं दोनच उरली होती, एक क्लॅरिनेट वाजवणारा लॉर्न आणि दुसरा बँजो वाजवणारा वसईचा झेवियर तुस्कानो. त्यातून लॉर्नला डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. त्यामुळे ऑड्रीच्या हिशेबानं सात पोटांत जाणारे टार्ट गेली चार वर्षं झेवियर एकट्याच्या पोटात जात होते.

"टाकून देऊ का दोन?" असं त्यानं एकदा विचारून पाहिलं होतं.

"ऑड्रीशी मी एक खोटं बोलतोय," लॉर्न म्हणाला. "टार्ट टाकले तर दोन होतील. खा."

झेवियर खायचा. त्याची स्वतःची साखर काही मोठी गुणी नव्हती, पण ते लॉर्नला सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

बँड एका दिवसात मोडला नाही. ट्रॉम्बोन आणि कॉर्नेट देवाघरी गेले. ट्यूबावाला मुलीकडे फ्लोरिडाला गेला, ड्रमवाल्याचे गुडघे गेले आणि पियानोवाल्याला ऐकू येईनासं झालं. हे सगळं लॉर्ननं बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, दोन म्हाताऱ्यांसाठी बर्फातून गाडी कशाला काढायची, घरीच बस. आणि घरी बसलेल्या माणसांचं काय होतं ते लॉर्ननं पाचदा पाहिलं होतं. म्हणून दोघांची अळीमिळी गुपचिळी.

कॅनडातल्या स्कारबरोच्या एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दोघं बसायचे तेही पाहण्यासारखं होतं. सात जणांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट पुढे असते आणि बँजो मागे, डाव्या कोपऱ्यात. पाच जण गेले तरी या दोघांनी जागा बदलल्या नाहीत. एवढ्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये एक माणूस पुढे, एक मागे, बसमध्ये बसल्यासारखे. तेहतीस वर्षांत झेवियरनं लॉर्नच्या तोंडापेक्षा त्याची पाठच जास्त पाहिली होती. डावा खांदा खाली आला की हा आता श्वास घेणार, मान तिरकी झाली की खूश आहे, हे त्याला पाठीवरून कळायचं.

इथे बँजो म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो यायचा. हा तो नव्हे. हा गोल, ढोलकीसारखं कातडं ताणलेला, लांब मानेचा, चार तारांचा. आफ्रिकेतून बेड्या घालून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं चढवून तो अमेरिकेत घडवला. पुढे जॅझ जन्माला आला तेव्हा मायक्रोफोन नव्हते, आणि पितळी वाद्यांच्या गदारोळात ठेका ऐकू जाईल असं तारांचं वाद्य हेच. मग मायक्रोफोन आले, त्यांच्या पाठोपाठ मऊ बोलणारी गिटार आली, आणि बँजोवाल्यांना सांगण्यात आलं की गिटार शिका, नाहीतर घरी बसा. ज्या संगीताला बँजोनं पायावर उभं केलं, त्यानंच त्याला दार दाखवलं.

ती लाट मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडपर्यंतही आली. झेवियरचा पास्कोल मामा तिथे बँजो वाजवायचा. त्यानं गिटार शिकायला नकार दिला आणि तो वसईतल्या भुईगावला घरी येऊन बसला. केळीच्या बागेला पाणी घालायचं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून भाच्याला शिकवायचं, एवढंच त्याचं उरलं. मामाचा पहिला धडा असा होता: "तू वाजवतोस हे कुणाच्या ध्यानात येता कामा नये. पण तू थांबलास की सगळ्यांच्या ध्यानात आलं पाहिजे." बारा वर्षांच्या पोराला हा धडा फार थोर वाटला. साठी उलटल्यावर त्याच्या लक्षात आलं की धड्याचा पहिला भाग त्याच्या बाबतीत तंतोतंत खरा झाला आहे. दुसऱ्या भागाची परीक्षा घ्यायची वेळच कधी आली नव्हती, कारण तो थांबलाच नव्हता.

त्र्याहत्तर साली तो रोझलिनला घेऊन कॅनडात आला आणि लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तिथे शेजारच्या यंत्रावर लॉर्न. जेवणाच्या सुट्टीत लॉर्न शिटी वाजवायचा, झेवियर टेबलावर बोटं वाजवायचा, आणि एक दिवस लॉर्ननं विचारलं, "तू काय वाजवतोस?" मामाचा बँजो सूटकेसमध्ये कपड्यांखाली झोपून होता. शहात्तर साली बँड उभा राहिला. लग्नं, म्हाताऱ्यांच्या सहली, तळ्याकाठच्या जत्रा. लोक क्लॅरिनेटवाल्याला भेटायला यायचे, कॉर्नेटवाल्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि झेवियरला विचारायचे, "वॉशरूम कुठल्या बाजूला आहे?" तो हसून दाखवायचा. घरी येऊन रोझलिनला सांगायचा. ती म्हणायची, "मी ऐकते की तुझा ठेका." पण ती बायको होती, तिला म्हणणं भाग होतं. दोन हजार चार साली तीही गेली, आणि मग तेवढं म्हणणारंही कुणी राहिलं नाही.

त्याच्या वाट्याला एक जागा मात्र होती. लॉर्ननं स्वतः एक गाणं बांधलं होतं, "ऑड्रीज पोर्च" नावाचं, संथ, चार ओळींचं. तिसरी ओळ संपली की सगळा बँड एकदम गप्प व्हायचा आणि आठ ठोके बँजो एकटा वाजायचा. आठच. मग चौथी ओळ, पुन्हा सगळे. पूर्ण दुपारभराच्या कार्यक्रमात झेवियरच्या मालकीचं एवढंच. ते आठ ठोके येण्याआधी त्याच्या तळहाताला घाम यायचा, तेहतीस वर्षं, दर वेळी.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, लॉर्न स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. चहाचा कप पुढ्यात होता, क्लॅरिनेट मांडीवर.

मंगळवारी झेवियर ऑड्रीला भेटायला गेला. वसईत कुणी गेलं की आळी धावून येते. खड्डा खणणारे, पेटी आणणारे, जेवण रांधणारे, कुणाला काही सांगावं लागत नाही. इथे दारात दोन फुलांचे गुच्छ होते आणि आत ऑड्री एकटी, सरळ पाठीनं बसलेली. तिनंच सुरुवात केली.

"शनिवारी चर्चमध्ये प्रार्थना आहे. बँड वाजवेल ना, झेवियर? 'ऑड्रीज पोर्च'. बाकी काही नको."

आता खरं सांगायची वेळ हीच होती. पण झेवियरच्या आईनं त्याला लहानपणापासून एक गोष्ट शिकवली होती: मयताच्या घरी कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मीठ मागो की बैलगाडी, हो म्हणायचं, आणि मग कुठूनही उभं करायचं. भुईगावात ते जमायचं, कारण नाही म्हणायची गरजच पडू नये एवढी माणसं दारात उभी असायची.

"वाजवेल," झेवियर म्हणाला.

तिनं त्याचा हात दाबला. "मला ठाऊक होतं. सगळ्यांना सांग, मी टार्ट करते."

गाडीत बसल्यावर त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तोंडातून शब्द गेला होता, आणि बँड म्हणून जे काही होतं ते सगळं या गाडीत बसलं होतं.

पुढचे तीन दिवस त्यानं फोन केले. ड्रमवाल्याच्या बायकोनं सांगितलं की तो आता माणसं ओळखत नाही. वादकांच्या युनियननं एका क्लॅरिनेटवाल्याचा नंबर दिला. तरुण, नम्र माणूस. तो म्हणाला, "आनंदानं येईन. नोटेशन पाठवा."

नोटेशन नव्हतं. लॉर्नला लिहायचा कंटाळा. एक कॅसेट होती, ती गाडीच्या टेपनं कधीच खाल्ली.

"मग चाल गुणगुणून दाखवता का?"

झेवियरनं फोनवर गुणगुणून दाखवली. अर्ध्यात थांबला, म्हणाला, "नाही, अशी नाही," आणि वेगळी गुणगुणली. मग तिसरी.

"यांतली खरी कुठली?" तरुणानं विचारलं.

"सगळ्याच," झेवियर म्हणाला, आणि खोटं नव्हतं ते. लॉर्न कोणतीच चाल दोनदा सारखी वाजवत नसे. दर रविवारी गाणं नवं असायचं, आणि ते नवं राहावं म्हणून खाली झेवियरचे ठोके मात्र तेच ते, न हलणारे असायचे. त्याच्याजवळ गाण्याचा पाया होता. घर लॉर्न दर आठवड्याला नवं बांधायचा आणि संध्याकाळी बरोबर घेऊन जायचा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

शुक्रवारी मुलाचा फोन आला. मार्क कोक्विटलामला असतो, कॅनडाच्या पश्चिम टोकाला, विमानानं पाच तासांवर. गेली पाच वर्षं तो बापाला तिकडे बोलावत होता, आणि झेवियरचं उत्तर ठरलेलं होतं, रविवारी बँड असतो. आज त्याला खरं सांगावं लागलं, सगळंच.

"म्हणजे चार वर्षं तुम्ही दोघंच? डॅडी, यू नेव्हर टोल्ड मी."

"विचारलंस कुठे."

"ओके. जस्ट कॉल हर अँड टेल हर द ट्रूथ. शी विल अंडरस्टँड."

"मयताच्या घरी हो म्हटलंय मी, मार्क."

"डॅडी, धिस इज स्कारबरो. भुईगाव नाही." मग त्याचा आवाज मऊ झाला. "सर्व्हिस झाली की इकडे या. इथे स्नो नाही, शोव्हल करायला नको. केझिया पण रोज विचारते, ग्रँडपा कधी येणार. आता तिथे तुमच्यासाठी काय आहे?"

प्रश्न वाईट हेतूनं विचारला नव्हता, म्हणूनच तो लागला. रोझलिनची कबर होती, पण तिच्यावर एप्रिलपर्यंत बर्फ.

त्या संध्याकाळी त्यानं बँजो मांडीवर घेतला आणि चाल स्वतःच वाजवता येते का ते पाहिलं. बोटांना जमलं असतं, थोडं अडखळत. पण दोन ओळींनंतर त्याला लाज वाटली. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घातल्यासारखं झालं ते. मग त्यानं नुसते ठोके वाजवले, नेहमीसारखे. खोलीत कुणी असतं तर त्याला कळलंही नसतं की हे गाणं आहे. झेवियर आयुष्यात पुष्कळ वेळा एकटा होता, पण आपल्याला जे येतं ते एकट्याला येतच नाही, हे त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं, आणि तो घाबरला.

शनिवारी चर्च अर्धं भरलं होतं. कारखान्यातले काही चेहरे, लॉर्नचे भाचे, शेजारी. पाद्रीबुवांनी वेदीच्या बाजूला झेवियरसाठी खुर्ची मांडून ठेवली होती. झेवियरनं ती उचलून मागे डाव्या कोपऱ्यात नेली. मग परत येऊन म्हणाला, "अजून एक खुर्ची मिळेल का? पुढे ठेवायला."

"कुणी येणार आहे?"

"नाही. पण मला पुढे कुणाची तरी पाठ लागते."

पाद्रीबुवांनी खुर्ची आणून दिली. पहिल्या बाकावर ऑड्री काळा कोट घालून बसली होती. तिनं झेवियरकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या दाराकडे पाहिलं. बाकीचे पाच जण यायची ती वाट पाहत होती. झेवियरनं मान खाली घातली आणि सुरुवात केली.

चार ठोके, चार ठोके, चार ठोके. संथ, एकसारखे. लोक आधी शांत राहिले. त्यांना वाटलं ही तयारी आहे, गाणं आता सुरू होईल. पहिली ओळ संपली, दुसरी लागली, गाणं काही सुरू होईना. कुणीतरी खोकलं. लॉर्नच्या एका भाच्यानं शेजारणीकडे पाहून भुवया उडवल्या. झेवियरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रिकाम्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत तो वाजवत राहिला, दुसरं करण्यासारखं त्याच्याजवळ नव्हतं. तिसरी ओळ संपली. मग त्याचे आठ ठोके आले, तेवढेच पूर्ण, त्यांत बोटांनी एक लहानशी गिरकी घेतली, नेहमी घ्यायची तशी.

तेव्हा ऑड्रीनं एकदम मान वर केली.

झेवियरला वाटलं, झालं, कळलं हिला. चौथी ओळ त्यानं कशीबशी ओढली. दुसऱ्या फेरीत ती जागा आली तेव्हा ऑड्री पुढे सरकून बसली होती. तिसऱ्या फेरीत तिनं डोळे मिटले होते आणि त्या आठ ठोक्यांना तिचं बोट गुडघ्यावर बरोबर आठदा आपटलं. गाणं संपलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच ठरवता आलं नाही, आणि मग प्रार्थना सुरू झाली.

नंतर खाली हॉलमध्ये, त्यांच्याच रविवारच्या हॉलमध्ये, कॉफी आणि सँडविच होते. झेवियर बँजोची पेटी घेऊन जिन्याकडे निघाला होता, कुणाच्या नजरेस न पडता जाण्याचा त्याला तेहतीस वर्षांचा सराव होता. ऑड्रीनं त्याला गाठलंच. हातात पत्र्याचा डबा.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"नाहीत," झेवियर म्हणाला. "चार वर्षं आम्ही दोघंच होतो. त्यानं सांगू नकोस म्हटलं होतं. मंगळवारी मी सांगायला हवं होतं. मला माफ कर."

ती हातातल्या डब्याकडे पाहत राहिली. "आणि टार्ट?"

"मी खाल्ले."

"सात?"

"दर रविवारी."

ऑड्रीला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं, मग ते कशाचं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसली. तो उभाच राहिला.

"मी बँड कधी फारसा ऐकला नाही, झेवियर. मला गर्दीत डोकं दुखायचं. मी गाणं ऐकलं ते स्वयंपाकघरात. रोज सकाळी चहाच्या वेळी तो ते वाजवायचा, एकटा. तीन ओळी वाजवायचा आणि थांबायचा. मग जरा वेळानं चौथी. रोज त्याच जागी थांबायचा. मला वाटायचं, याला तेवढा तुकडा येत नाही. इतकी वर्षं मी त्याला चिडवत आले, लॉर्न, स्वतःच बांधलेलं गाणं, अजून तेवढं बसत नाही का तुझं?"

"मग?"

"नुसता हसायचा. म्हणायचा, ते माझं नाही." तिनं झेवियरच्या पेटीवर हात ठेवला. "आज कळलं कुणाचं ते. तुझी वाट पाहायचा तो तिथे. मोजून. सोमवारीही थांबला होता. मी सिंकपाशी होते, पाठमोरी. मला वाटलं, आता चौथी ओळ येईल."

झेवियर खाली बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. इतकी वर्षं तो मनात कुरकुरत आला होता की आपल्याला कुणी ऐकत नाही. आणि एक माणूस रोज सकाळी, चहा निवत असताना, त्याच्यासाठी आठ ठोके गप्प बसत होता, आणि ते त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. सांगणार कसा, पाठमोरा बसायचा ना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दीड वाजता मार्कचा फोन आला. तिकीट कधीचं काढू, असं त्यानं विचारलं.

"नंतर बोलू," झेवियर म्हणाला. "आत्ता निघालोय मी. रविवारी दोन ते चार मला वेळ नसतो."

"बट डॅडी, बँड इज..."

"ठाऊक आहे मला."

बाहेर बर्फ पडत होता आणि रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ अजून टाकलेलं नव्हतं, तो हळू गाडी चालवत गेला. हॉल थंड होता. त्यानं दोन खुर्च्या मांडल्या, एक पुढे, एक मागे डावीकडे, आणि वाजवायला बसला. चार ठोके, चार ठोके. वर चाल नव्हती. काल त्या रिकामेपणाची त्याला लाज वाटली होती, आज वाटली नाही. जागा मोकळी ठेवायची पाळी आता त्याची होती.